माझा हात की गोळी

ताईच्या डोक्यावर माळ बसेचना.

केस होते का ते, जंगल होतं जंगल! आप्पा पुढून दाबायचे, माळ मागून उडायची. मागून दाबली की कपाळावर यायची. अंगणात रांगेत बसलेली पिवळ्या डोळ्यांची माणसं स्वतःची कावीळ विसरून खुदुखुदु हसायला लागली. सगळ्यात जास्त कोण हसत होतं? पाटावर बसलेली ताईच.

"आप्पा, खिळा ठोका एक."

"गप बस. हसलीस की डोकं हालतंय."

"मग काय रडू? कावीळ उतरवणाऱ्याच्याच घरात कावीळ. लोक हसणारच की!"

शेवटी आईनं तिच्या केसांचा घट्ट अंबाडा घातला, त्यात चार आकडे खुपसले आणि माळ एकदाची बसली. आप्पांनी डोळे मिटून मंत्र पुटपुटला. ताईनं माझ्याकडे बघून एक डोळा मिचकावला. त्या मिचकावण्याचा अर्थ अख्ख्या अंगणात फक्त मला माहीत होता.

आधी आमच्या घराचं सांगते. आम्ही गुरव. तासगावच्या पुढं आमचं गाव, आणि पंचक्रोशीत आमचं घर कावीळ उतरवण्यासाठी प्रसिद्ध. पणजोबा उतरवायचे, आजोबा उतरवायचे, मग आप्पा. दर रविवारी सकाळपासून अंगण भरायचं. आप्पा आधी झाडाच्या सालीचा रस माणसाच्या हातांना चोळायचे आणि चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावायचे. पाणी पिवळंधमक व्हायचं. लोक "बघा, बघा, निघाली!" म्हणून ओरडायचे. पातेलं धरायचं काम माझं. मग घेटुळीच्या मुळीचे बारीक तुकडे कच्च्या सुतात गाठी मारून ओवलेली माळ डोक्यावर घालायची, टोपीसारखी. मुळ्या सुकतात, गाठी सैल होतात, माळ रोज वाढत जाते. कपाळावरून गळ्यात, गळ्यातून खांद्यांवर, मग कमरेवर आणि शेवटी पायांतून बाहेर. माळ उतरली की कावीळ उतरली.

नऊ वर्षांची असताना मी गुपचूप तो रस माझ्याच हातांना चोळून बघितला होता. मी अगदी ठणठणीत, तरी पाणी पिवळं! धावत जाऊन आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "मग तुलापण असंल बारीकशी."

पण एक सांगते, आप्पा लबाड नव्हते. लबाड असते तर किती सोपं झालं असतं! एका पैशाला त्यांनी कधी हात लावला नाही. नारळ ठेवायचा आणि जायचं. पैसे घेतले तर हाताचा गुण जातो, असं आजोबांनी सांगितलेलं. आणखी एक नियम होता. माळ अंगावर असताना दुसरं औषध घ्यायचं नाही. बाहेरच्या माणसानं घेतलं तर त्याला गुण येत नाही, एवढंच. पण उतरवणाऱ्याच्या घरातलं माणूस, माळ असो-नसो, असं औषध घेत राहिलं तर उतरवणाऱ्याचा हातच जातो. कायमचा. मग तो कुणाचीच कावीळ उतरवू शकत नाही.

आणि ताई तर रोज सकाळी गोळी खात होती.

झालं होतं असं, की ताईच्या कॉलेजात रक्तदान शिबिर झालं. ताई सगळ्यात आधी जाऊन झोपली, बिस्किटं मिळतात म्हणून. काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, एकदा येऊन भेटा. तिथून मिरजेला डॉक्टर मुजावर मॅडमकडे पाठवलं. ताई मला म्हणाली, "चल गं चैते, वडापाव खाऊ." म्हणून मीही गेले.

मुजावर मॅडम बारीक अंगाच्या, केस पिकलेल्या, आणि बोलणं म्हणजे फटाफट. रिपोर्ट बघून म्हणाल्या, "हिपॅटायटिस बी आहे. आत्ताचा नाही, जन्मापासूनचा. आईकडून आला असणार. इतकी वर्षं गप्प होता, आता गडबड सुरू झालीय. डोळे बघ पिवळट झालेत. जन्म कुठं झाला तुझा?"

"आजोळी, आटपाडीजवळ. घरीच."

"आणि ही धाकटी?"

"ही पोटात आडवी होती म्हणून मिरजेलाच."

"मग हिला जन्मल्या जन्मल्या लस मिळाली असणार. हिचंही रक्त तपासू, पण नशीबवान आहे."

ताईनं मला चिमटा काढला. "बघ, आडवी आलीस ते बरं झालं. अजून आडवीच आहेस."

मॅडम हसल्या नाहीत. गोळ्यांची पाकिटं पुढं केली. "रोज एक. चुकवायची नाही. बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. मी सोडून कुणीही सोड म्हणालं तरी सोडायची नाही. आणि आईला तपासायला घेऊन ये."

"मॅडम, माझे वडील कावीळ उतरवतात," ताई हळूच म्हणाली.

मॅडमनी चष्मा काढला. "माळ?"

"माळ."

"घाल. माळेनं काही बिघडत नाही. गोळी सोडलीस तर बिघडेल."

घरी आल्यावर आई म्हणाली, "मला काय झालंय? मी न्हाई येत." आणि आप्पांना ताईनं फक्त जन्मापासूनची कावीळ आहे एवढंच सांगितलं, गोळीचं नाही. आप्पा केवढे खूश! "मिरजंला कशाला गेलीस खुळे? घरात मी काय मेलोय?" गोळ्या ताईनं पॅडच्या पाकिटात लपवल्या. त्या पाकिटाकडे आप्पा मान वळवूनसुद्धा बघत नसत. आमची तिजोरीच ती!

तर अशी ती माळ डोक्यावर बसली, आणि उतरायला लागली. ताईचे डोळे निवळत गेले. भूक लागायला लागली. माळ गळ्यात आली तसे आप्पा गावभर सांगत सुटले. "माझ्या पोरीची कावीळ. जन्माची होती म्हणं. मिरजंच्या डाक्टरला कळंना. बघा आता." एरवी मोजकं बोलणारा माणूस, पण देवळात पूजा करतानाही येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायचे.

माळ कमरेवर आली त्या दुपारी आम्ही ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. आप्पांनी एकदम ताईचा चेहरा हातात घेतला, डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली, आणि रडायला लागले. खरंच! एवढा मोठा माणूस, मांडीवर शेंगा, आणि गालांवरून धारा.

"माझी परीक्षा होती ही, रेणू," म्हणाले. "दुसऱ्याची पोरं बरी करत आलो. आपल्या पोरीला गुण आला नसता तर मी कुठं तोंड दाखवलं असतं?"

ताईला ते सहन झालं नाही. ती तशीच होती, उधारीचं कौतुक पचायचंच नाही तिला, कुणाचंही असो. मी पायानं ढोसलं, तरी बोललीच. "आप्पा, गोळीपण चालू आहे हं माझी. मिरजेची. दोघांनी मिळून बरं केलं मला."

आप्पांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. मग आणखी एक फोडली. मग उठून गेले. ओरडले नाहीत, हात उगारला नाही. जेवायला मात्र आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. रविवारपर्यंत फक्त पाणी.

रविवारी अंगण नेहमीसारखं भरलं. आप्पा पाटावर येऊन बसले, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "आज माळ बांधायची न्हाई."

कुजबुज सुरू झाली. फेटेवाले एक म्हातारबा मांडी बदलत म्हणाले, "का रं गुरवा? लांबनं आलोय आम्ही."

"माझ्या घरात दुसरं औषध शिरलंय. हात राहिला का गेला, मला ठावं न्हाई. ते माझ्या पोरीनं ठरवायचं." आणि आप्पांनी हाक मारली, "रेणू, भाईर ये."

ताई ओढणीला हात पुसत बाहेर आली. कमरेवर माळ होतीच.

"माझा हात की गोळी? सांग."

"आप्पा, आत बोलू."

"आत बोलून झालं. ही माणसं आशेनं आल्यात. त्यांना उत्तर दे."

असं कुणी विचारतं का हो? पण बघा, आप्पांनी हुकूम नाही केला. सोड म्हणालेच नाहीत. म्हणाले असते तर ताई भांडली असती, भांडणात तिला कोण हरवणार? त्यांनी फक्त विचारलं, आणि लोकांनी बाकीचं केलं.

पहिल्या रांगेत एक बाई होती, मांडीवर नुकतंच जन्मलेलं बाळ, पिवळं पिवळं. ती म्हणाली, "ताई, माझं लेकरू बघ की गं. पहिलंच हाय. आन तुला बरं वाटतंय न्हवं आता? डोळं कसं पांढरंफेक झाल्यात. मग आता ती गोळी कशाला?"

"खरंच की," मागून कुणीतरी.

"बरी झालेली माणसं औषध खात्यात व्हय?"

"बापाचा हात तोडायला कालेजात घातलंय का गं तुला?" म्हातारबांनी विचारलं, आणि दोघंतिघं हसले.

मी पातेलं धरून उभी होते. मला राहवलं नाही. "मॅडमनी सांगितलंय, अजिबात सोडायची नाही! बरं वाटलं तरी सोडायची नाही!"

"ही कोण? कंपाउंडर?"

सगळं अंगण खो खो हसलं. आजारी माणसं एवढी मोठ्यानं हसू शकतात हे मला त्या दिवशी कळलं. आईनं मागून माझ्या दंडाला असा चिमटा काढला की काळंनिळं झालं.

ताई हसत नव्हती. तिनं बाळाकडे बघितलं, आप्पांकडे बघितलं. आप्पांचे गाल आत गेले होते, ओठ सुकून पांढरे झाले होते. ती आत गेली आणि पाकीट घेऊन आली. पॅडचं पाकीट, सगळ्या बाप्यांसमोर! त्यातून गोळ्या काढल्या. आप्पांसमोर धरल्या, त्यांनी हात पुढं केला नाही. मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि एकेक गोळी चंदेरी कागदातून दाबून माझ्या हातातल्या पातेल्यात टाकायला लागली. टक्. टक्. टक्.

"ताई, नको ना," मी म्हणाले.

"धर नीट. हलवू नकोस," ती म्हणाली.

शेवटची गोळी पडली तसं म्हातारबा ओरडले, "चांगभलं!" आणि अख्खं अंगण ओरडलं. आप्पांनी ताईला जवळ घेतलं. मग त्या बाळाच्या डोक्यावर एवढीशी माळ बसली. ते बाळ चांगलं झालं, हेही सांगते. तान्ह्या बाळांची कावीळ बहुतेक वेळा आपली आपण जाते, हे मला पुढं दहावीनंतर कळलं. गावाला अजून कळलेलं नाही.

थोड्याच दिवसांत ताईची माळही पायांतून निघाली. आप्पांनी ती नदीत सोडली आणि गावाला जेवण घातलं. ताई पंगतीत वाढत होती. "घे गं, घे. कंपाउंडरला दोन जिलेब्या जास्त."

मी शाळा बुडवून मिरजेला गेले. मुजावर मॅडम एवढ्या जोरात ओरडल्या की बाहेरची नर्स आत डोकावली. "बंद? कुणाला विचारून? आज घेऊन ये तिला. उद्या नाही, आज!" आणि गोळ्यांचं पाकीट माझ्या दप्तरात कोंबलं.

ताई काही ऐकेना. "शब्द दिलाय मी, चैते. आणि बघ की माझ्याकडे. दोन-दोन भाकऱ्या हाणते. काय झालंय मला?"

खरंच काही झालं नव्हतं. गाल वर आले होते. नाकात नवी चमकी घातली होती. इतकी छान दिसत होती की मलाच क्षणभर वाटलं, मॅडमचंच काहीतरी चुकतंय. पण मी आडवी ना! मी गोळी कुटून तिच्या दहीभातात कालवायचं ठरवलं. परसात पाट्यावर गोळीची पूड करत होते आणि आईनं बघितलं.

आईनं आधी मारलं. मग वाडग्यातली पूड मोरीत ओतली. मग आटपाडीला मामाला फोन लावला.

"आणि माझी शाळा?"

"तितंबी शाळा हाय," आई म्हणाली. "हितं ऱ्हायलीस तर तू तुझ्या बापाला खलास करशील."

ताई मला एसटीवर सोडायला आली. रस्ताभर माझी नक्कल करत होती. "मॅडमनी सांगितलंय, अजिबात सोडायची नाही!" हुबेहूब माझा आवाज. मी फुगून बसले होते, तिच्याकडे बघितलंच नाही, तर खिडकीतून हात घालून तिनं माझी वेणी ओढली.

मामाकडे मी वर्गात नवी, कुणाशी बोलायचं नाही, रोज फक्त घरी फोन. आधी ताई फोनवर भरभरून बोलायची. मग थोडं. मग आईच घ्यायची.

"ताईला दे."

"झोपलीया."

"दुपारी?"

"झोपलीया म्हणते न्हवं!"

तीनदा असं झालं आणि मी मामीला न सांगता एसटीत बसले.

घरात शिरले तर ताई खाटेवर. पिवळी म्हणजे किती पिवळी असावी? डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे, नखंसुद्धा. आणि डोकं तासलेलं. ते जंगल गेलं होतं. माळ नीट बसावी म्हणून आईनं केस कापले होते. त्या टकलावर माळ अगदी फिट बसली होती.

"ताई!"

ती माझ्याकडे बघून हसली. "मावशी, आलीस का? चहा ठेव."

"कोण मावशी? मी चैती गं!"

"चहा ठेव," म्हणाली, आणि डोळे मिटले. तिचे हात हवेत फडफडत होते, चिमणीला धरल्यावर ती फडफडते तसे.

आप्पा कोपऱ्यात बसून नवी माळ ओवत होते. ही दुसरी, का तिसरी. गाठ काही बसत नव्हती. "उतरंल," म्हणाले. "आता हात साफ हाय माझा. उतरंल."

मी शेजारच्या काकूंचा फोन हिसकावून गाडी बोलावली. मला वाटलं आप्पा अडवतील. नाही अडवलं. गाडी बोळात येईना, तर आप्पांनीच ताईला पाठीवर घेतलं आणि रस्त्यापर्यंत पळत नेलं. अनवाणी.

मिरजेला वॉर्डातल्या मावशींनी पहिल्यांदा कात्रीनं माळ कापली आणि कचऱ्याच्या बादलीत टाकली. आप्पा त्या बादलीकडे बघत राहिले.

मुजावर मॅडमनी तपासलं. बाहेर आल्या. आप्पांना विचारलं, "गोळी बंद करून किती दिवस झाले?"

"दोन म्हैनं झालं असतील. पन ती बरी झालती, मॅडम. सगळ्यांनी बघितलंय. डोळं पांढरं झालतं."

"गोळीनं झाले होते."

"मंग गोळी सोडल्यावरबी बरीच हुती की!"

मॅडम भिंतीला टेकल्या. त्या दिवशी त्या फटाफट बोलल्या नाहीत. "ऐका. हा विषाणू स्वतः यकृत खात नाही. यकृताच्या पेशींत शिरून बसतो आणि वाढतो. तो लहान बाळाच्या अंगात शिरला की अंगातले शिपाई त्याला घरचाच समजतात. कळतं का? जन्मापासून बघत आलेले असतात त्याला, म्हणून वीस-वीस वर्षं हात लावत नाहीत. पोरगी हसतेखेळते, कॉलेजात जाते. मग एक दिवस शिपायांना कळतं, हा आपला नव्हे. आणि ते मारायला उठतात. पण तो तर पेशींच्या आत बसलेला. मग ते ती पेशीच मारतात. कावीळ होते ती त्यांच्या मारानं."

"शिपाई म्हंजे… तिचंच?"

"तिचेच. गोळी विषाणूला दाबून ठेवते, म्हणून शिपाईही शांत होतात. तुम्हाला दिसले ते पांढरे डोळे, ती ही शांतता. गोळी सोडली की विषाणू महिना-दोन महिने गुपचूप वाढतो. माणूस जेवतो, हसतो, चांगला दिसतो. आणि मग तो सगळीकडे पसरलेला दिसला की शिपाई एकदम तुटून पडतात. अख्ख्या यकृतावर."

"मंग आता त्यांना थांबवा की."

"आता त्यांना मारायलाही काही उरलेलं नाही."

आप्पांनी हात जोडले. रुग्णांना नारळ ठेवायला सांगताना जोडायचे, अगदी तसे. मॅडमनी त्यांचे हात धरून खाली केले. "दुसरं यकृत बसवायचं म्हटलं तर पुण्याला न्यावं लागेल. ती तिथपर्यंत पोचणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई गेली. वीस वर्षंही पुरी नव्हती. जाताना काही बोलली वगैरे नाही. कथांमध्ये बोलतात. ताई तीन वेळा घोरल्यासारखी झाली आणि थांबली.

मॅडमनी आईचा दंड धरून तिथंच तिचं रक्त काढून घेतलं. आईला कळलंही नसेल, ती त्या खाटेकडे बघत होती.

तेराव्यानंतरच्या रविवारी मला वाटलं, कुणी येणार नाही. कोण येईल? कावीळ उतरवणाऱ्याची पोरगी काविळीनं मेली! मी झोपूनच होते. अंगणात गलका ऐकून उठले, तर पाय ठेवायला जागा नाही. कधी नव्हती एवढी गर्दी. आप्पा पाटावर. दाढी वाढलेली, आवाज खोल गेलेला.

"माझी पोर मी उतरवलीती," आप्पा सांगत होते. "तुमच्यातल्या कैकांनी बघितली. डोळं पांढरं, माळ पायातनं निघाली. पन तिच्या अंगात गोळी हुती. गोळीनं तिचंच रगत तिच्यावर उठवलं. मिरजंच्या डाक्टरनं स्वतः सांगितलं मला. तिच्याच शिपायांनी मारलं तिला. म्हणून सांगतो बाबांनो, माळंवर दुसरं काय घिऊ नगा."

लोक माना हलवत होते. बायका डोळे पुसत होत्या. मॅडमचा एकेक शब्द आप्पांनी घेतला होता आणि त्याचीच माळ ओवली होती. आणि खोटं बोलतोय असं त्यांच्या तोंडावर कुठंही नव्हतं. रात्रंदिवस घोळून घोळून त्यांच्या मनात ते तसंच घडलं होतं.

मी अंगणाच्या मधोमध गेले. "गोळी सोडली म्हणून मेली ती! तुम्ही सोडायला लावलीत! तुम्ही सगळे 'चांगभलं' ओरडलात! घरी जा, डॉक्टरकडे जा, नाहीतर तुम्हीपण मराल!"

एका पिवळ्या पोरीला हाताशी धरून आलेला माणूस उठून उभा राहिला. मला वाटलं, चला, एक तरी निघाला. तो म्हणाला, "हिला गप बसवा कुणीतरी. आमची पोर घाबरतीया."

आईनं मला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली. कान सुन्न झाला. मग गर्दीकडे वळून शांतपणे म्हणाली, "बसा, बसा. भनीच्या जाण्यानं डोकं फिरलंय हिचं. चालू द्या."

आणि चालू झालं.

दुपारी मी चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून बसले होते. आई आली. माझ्या गालाला तूप लावलं. मग दाराकडे एकदा बघून अगदी हळू आवाजात म्हणाली, "मॅडमचा फोन आलता. माझ्यातबी हाय तेच."

मी वळले.

"गोळी घ्यायला पायजे म्हणाल्या. रोज. मरेस्तवर." तिनं पदर तोंडाला लावला, काढला. "तू आणशील का? कुणाला न सांगता?"

मला काय काय बोलायचं होतं! वाडगं, मोरी, आटपाडी, सगळं जिभेवर एकदम आलं. एवढंच निघालं, "आणि ताईला?"

"तवा मला वाटायचं, त्यांच्या हातात हाय."

"आणि आता?"

"आता त्यांच्याकडं तेवढंच उरलंय, चैते. ते काढून घितलं तर माणूस जगंल का?" मग आईचा आवाज एकदम कोरडा झाला. "पन मला मरायचं न्हाई. त्यांना कळलं तर रेणूवानी मलाबी बोलावतील. समद्यांम्होरं इचारतील. आन मी न्हाई देणार गोळ्या. म्हणून त्यांना कळू द्यायचं न्हाई."

त्याला आता चार वर्षं झाली. मी बारावी सायन्सला आहे, वर्गात पहिली येते, आणि कुणी कंपाउंडर म्हणालं तर त्याला बसल्या जागी असं काही ऐकवते की पुन्हा म्हणत नाही. मिरजेला क्लास असतो असं मी घरी सांगितलंय. जायचं असलं की आप्पा माझ्याआधी स्टँडवर येऊन थांबतात. गाडी लागायच्या आत गर्दीत घुसून, खिडकीतून आत टॉवेल टाकून माझ्यासाठी जागा धरतात. आता त्यांना धाप लागते. मी बसले की खाली उभं राहून गाडी हलेपर्यंत वर बघत राहतात.

"नीट जा," म्हणतात. "आणि मन लावून शीक. रेणूचं ऱ्हायलं."

"हो आप्पा," मी म्हणते, आणि आईच्या गोळ्या आणायला जाते.